बांधावरची आफ्रिकन आमरी

विश्रामच्या हातून आजवर बऱ्याच आमऱ्या मेल्या होत्या. "आपल्या हाताला गुण आहे, पण तो मयतीचा," असं तो स्वतःच सांगायचा. मूळचा वाशिमचा हा माणूस हिंजवडीत नोकरीला होता आणि जवळच्याच चांदे गावात गोजराबाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात हे तो भेटेल त्याला सांगायचा. भेटणारे हल्ली त्याला बघून रस्ता बदलायचे.

ही नवी आमरी त्याने बंगळुरूच्या एका रोपवाटिकेतून मागवली. कुंडीवर नावाचा पत्ता नव्हता. विकणारा एवढंच म्हणाला, "आफ्रिकेतली आहे, तिकडे कातळावर वाढते." जाड पानं आणि राखाडी मुळं बघून विश्रामने तिची जात ठरवून टाकली, सर्टॉर्किस, आणि ऑर्किडवाल्यांच्या ग्रुपवर जाहीरही केली. बावधनच्या अनिमेषने लगेच लिहिलं, "अशा पानांच्या आमऱ्या मुळशीतल्या कुठल्याही आंब्यावर दिसतात. फूल येऊ दे, मग बोलू." बोलणं खरं होतं. नुसत्या पानांवरून आमरी ओळखणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाचं नाव सांगणं. पण विश्रामला ते झोंबलं. आयुष्यात एकदा तरी आपलं बरोबर निघावं, अशी त्याची फार इच्छा होती.

कुंडीत तिची मुळं सडायला लागली, तेव्हा त्याला कातळाची आठवण झाली. मुळशीच्या पावसात कुंडी म्हणजे डबकंच. दगड हवा, आणि तोही खडबडीत, भोकाभोकांचा, मुळांना पकड देणारा. एका संध्याकाळी फिरायला गेला असताना बांधावर त्याला हवा तसा दगड दिसला, वीतभर रुंद, हातभर उंच. जमिनीत उभा असलेला दगड कुणीतरी मुद्दाम रोवलेला असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. पण विश्रामला फक्त भोकं दिसली. त्याने तो हलवून हलवून उपटला, स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणला, आणि त्याच्यावरचा चुना ब्रशने घासून काढला, कारण चुना आमरीला बाधेल अशी त्याची समजूत होती. मग तंगुसाच्या दोरीने रोप बांधून दगड गच्चीवर हिरव्या जाळीखाली ठेवला.

पुढच्याच महिन्यात खाली घरात भांडण पेटलं. गोजराबाई आणि त्यांचा धाकटा दीर भैरू यांच्या वावरांमधला हद्दीचा दगड नाहीसा झाला होता. इथे वीतभर जमिनीलाही सोन्याचा भाव. त्यांनी भैरूवर आळ घेतला, भैरूने त्यांच्यावर, आणि भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. विश्राम गोजराबाईंच्या चुलीपाशी चहा पीत म्हणाला होता, "काय माणसं असतात मावशी, दगडसुद्धा सोडत नाहीत!" आणि वर जाऊन त्याच दगडावर पाणी शिंपडलं होतं. कंपनीत त्याला दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळत होता.

दोन पावसाळे गेले. मुळांनी दगडाला घट्ट मिठी मारली, आणि यंदा दसऱ्याच्या तोंडावर पानांच्या बेचक्यातून कळ्यांचा तुरा आला. विश्रामला रात्री झोप लागेना. अनिमेषने कळवलं, "फुललं की येतो."

दसऱ्याआधी गोधड्या धुवायच्या असतात. दर वर्षी सून साधना त्या गच्चीवर नेऊन वाळत घालायची. यंदा ती माहेरी गेली होती, म्हणून गुडघे धरत गोजराबाईच वर आल्या. गोधडी टाकायला त्यांनी जाळी बाजूला सारली.

"आरं देवा! ह्यो तर आमच्या हद्दीचा दगुड! ह्यो बघा पहारीचा टवका!"

ओरडा ऐकून शेजारून भैरू वर धावला. विश्रामही खोलीतून धावत आला.

"भावजीस्नी सांगा, दगुड म्या न्हाई नेला," गोजराबाई विश्रामला म्हणाल्या.

"वैनीस्नी सांगा, म्याबी न्हाई नेला," भैरूनेही विश्रामलाच सांगितलं, आणि रोप उपटायला हात घातला.

विश्रामने दगडालाच मिठी मारली. "मला खोलीतून हाकला, पण तिला उपटू नका! फूल आल्याशिवाय ती कोण आहे ते कळणार नाही हो!"

गोजराबाईंनी वाकून तुरा बघितला. "कळ्यांवर आलेली हाय. आता न्हाई उपटायची. दगडासंगं जाऊ द्या तिला."

दगड आमरीसकट बांधावर गेला. तिथे नवी पंचाईत झाली. गोजराबाई म्हणाल्या, दगड बांधावरच्या करंजाच्या झाडापलीकडं होता. भैरू म्हणाला, अलीकडं. मग दोघंही विश्रामकडे बघायला लागले, कारण उपटणारा तोच. विश्रामला काहीएक आठवत नव्हतं. करंजाच्या बुंध्याशेजारी मात्र सकाळचं ऊन होतं आणि दुपारची सावली, आमरीला हवी तशी.

"इथंच होता," तो म्हणाला.

भैरूने मान डोलावली. "खरं आसंल. ह्येला खोटं बोलायची आक्कल कुटं हाय?"

गोजराबाईंनाही ते पटलं. एका आमरीपायी दोन घरांची हद्द आपण ठरवली, याची विश्रामला अतोनात लाज वाटली. दगड तिथेच रोवला गेला. कळ्या टपोऱ्या होईपर्यंत सकाळी गोजराबाई आमरीला तांब्याभर पाणी घालायच्या आणि संध्याकाळी भैरू घालायचा. एवढ्या पाण्याने मुळं पुन्हा सडतील हे विश्रामला दिसत होतं, पण बोलायला तोंड कुठे होतं?

पहिली कळी उमलली, त्या दिवशी अनिमेष आला. आज फुलाचा निकाल लागला की दगडाच्या जागेचंही खरं सांगून टाकायचं, असं विश्रामने पक्कं ठरवलं होतं. फूल चांदणीसारखं पांढरं होतं, मागे वाकडी लांब शेपटी. अनिमेष गुडघ्यांवर बसून किती तरी वेळ बघत राहिला.

"सर्टॉर्किसच," तो म्हणाला. "आफ्रिकेचीच आहे रे. तुझंच बरोबर होतं."

या वाक्यासाठी विश्राम दोन वर्षं थांबला होता. पण ते कुणी ऐकलंसुद्धा नाही. गोजराबाई आणि भैरू त्याच्या पुढे दाटीने वाकले होते, आणि त्याला त्यांच्या खांद्यांमधून जेमतेम एक पाकळी दिसत होती.

"भावजी, सरा की जरा, मला दिसंना," गोजराबाई म्हणाल्या.

भैरू सरकला. सरकताना दगड ओलांडून त्यांच्या वावरात जाऊन उभा राहिला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून फुलावर वाकल्या.

विश्रामने खरं सांगायला तोंड उघडलं. मग अनिमेषच्या कानाशी वाकून म्हणाला, "तेवढं पाणी बेतानं घालायला सांग ना यांना. माझं नाही ऐकणार."