एक मीटर इकडं, बारा मीटर तिकडं

मिस्बाहनं नऊ दिवसांत अकरा आलेख काढले होते आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता. प्रत्येक तिनं दोनदा तपासला होता. तरीही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कमानीजवळ टाकलेल्या त्या मांडवापाशी कुणी थांबत नव्हतं. पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा यायचा, मांडवासमोर जरा हळू व्हायचा, आणि एखादा हेल्मेटच्या आतून विचारायचा, "लगीन कुणाचं हाय?"

विचारणाऱ्याची चूक नव्हती. मांडव गुलाबी होता आणि त्याला सोनेरी झालर होती. मिस्बाहच्या अब्बांचा, इलियासभाईंचा, मंडप-डेकोरेशनचा धंदा. लेकीच्या आंदोलनाला त्यांनी मांडव दहा दिवस फुकट दिला होता, पण अकराव्या दिवशी आष्ट्याला निकाहाची ऑर्डर आहे, हे बजावून.

मांडवाखालची मागणी एवढीशी होती. वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्यानं गेटवर एक बोर्ड लावायचा आणि त्यावर दोन आकडे लिहायचे. इथला सगळ्यात मोठा पगार आणि इथला सगळ्यात छोटा पगार. ही मागणी येसूबाईंच्या डोक्यातून निघाली होती. येसूबाई बावीस वर्षं एका फाउंड्रीत ओतकामाचे तुकडे घासत होत्या. त्या म्हणायच्या, "पगार वाढवा म्हणलं की मालक म्हणतो परवडत न्हाई. म्हणून आमी आता वाढवा म्हणतच न्हाई. नुसतं लिवून लावा. येता-जाता त्योबी वाचंल, आमीबी वाचू."

आज दहावा दिवस होता. पोलिसांची परवानगी संध्याकाळी पाचपर्यंतच होती. निवेदन घ्यायचं होतं कारखानदारांच्या संघटनेचे सचिव दिग्विजय यांनी, आणि त्यांनी फोनवर अट घातली होती. "पन्नास माणसं जमवा, मी स्वतः येतो. दहा जणांसाठी आलो तर उद्या कुणीही चार खुर्च्या टाकून बसेल."

मिस्बाहनं सकाळी दहाला डोकी मोजली. नऊ. त्यात ती स्वतः होती, आणि शेजारच्या टपरीचा राजारामही होता, जो फक्त कप गोळा करायला आला होता.

"पाचपातूर पन्नास न्हाई झाली तर?" येसूबाईंनी विचारलं.

"तर मांडव उतरवायचा, मावशी."

"आन् बोर्ड?"

मिस्बाहनं डोकी पुन्हा मोजली. येसूबाईंनी पदर खोचला. "खात्यातल्या समद्यांस्नी सांगून आलेय, बोर्ड लावूनच परत येते म्हणून. रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जाऊ?"

मिस्बाहनं कोल्हापुरातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि अडचण आली की तिचे तुकडे करून बघायची सवय तिला तिथंच लागली होती. दुचाकी मांडवासमोरून जाते त्याला दोन सेकंद लागतात. तिचा आलेख कॅलेंडरएवढा. दोन सेकंदांत कॅलेंडरएवढं काय दिसणार? म्हणजे आकडा बरोबर होता, आकारच अपुरा होता. आलेख जमिनीवर काढायला हवा. मांडवासमोरच्या मोकळ्या जागेएवढा.

"आप्पासोला बोलवा की," राजाराम म्हणाला. "कुंडलपासनं आष्ट्यापातूर मैदानं त्योच आखतोय. रेघा मारायच्या फक्कीचं पोतं कायम गाडीला बांधलेलं असतंय त्याच्या."

आप्पासो अकराला आले. साठी उलटलेला सडपातळ माणूस, पायजम्याच्या दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत पांढऱ्या फक्कीचे डाग. तीस वर्षं जत्रेतल्या कबड्डीची मैदानं आखून त्यांची कंबर कायमची थोडी पुढं झुकली होती. मिस्बाहनं त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं.

"आप्पा, एक मोठा चौकोन. त्याचे सारखे तेरा भाग. बारा भाग तिकडं, एक भाग इकडं. मध्ये ठळक रेषा."

"तेरा?" आप्पासोंनी खात्री करून घेतली.

"तेरा. मावशींच्या खात्यातल्या सात जणांचा वर्षाचा पगार एकत्र केला तर एक भाग. त्यांच्या मोठ्या साहेबांचा एकट्याचा, बारा भाग."

"कळलं. तेरा," आप्पासो म्हणाले आणि दोरी सोडायला लागले. मिस्बाह निवेदनाच्या झेरॉक्स काढायला गेली. ही तिची दहा दिवसांतली एकमेव चूक.

परत आली तेव्हा मांडवासमोर कबड्डीचं मैदान होतं.

तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. दोन्ही कडांना एकेक मीटरच्या राखीव पट्ट्या. रेषा अशा सरळ की पट्टी लावून बघावं. बाद झालेल्या खेळाडूंना बसायचे चौकोनसुद्धा आखायचे राहिले नव्हते. फक्त मधली रेषा मध्ये नव्हती. ती मांडवाच्या बाजूच्या टोकापासून बरोब्बर एक मीटरवर होती.

"आप्पा, हे काय?"

"तेरा म्हणला न्हवं तुमी? तेरा म्हणजे मैदानच की. माज्या दोरीला गाठीच तेरा हायत." आप्पासोंनी फक्कीचे हात झटकले. ते स्वतःही नाराज दिसत होते. "मधली रेघ तेवढी तुमच्या कागदापरमानं मारली. लय जिवावर आलं बगा. आन् मधल्या रेघंपासनं पावणेचार मीटरवर चढाईवाल्यानं वलांडायची निदानरेषा लागती, ती हिकडच्या बाजूला मैदानाच्या भाईरच गेली. राजारामच्या बाकाखाली मारलीया."

मिस्बाहनं वाकून बघितलं. खरंच, टपरीच्या बाकाखालून एक पांढरी रेषा गेली होती आणि तिच्यावर दोन गिऱ्हाइकांच्या चपला होत्या.

"पुसा आप्पा. आलेख आखायचा होता. आकडे लिहायचे होते."

"फक्की संपत आलीया," आप्पासो म्हणाले. "आन् आखलेलं मैदान खेळल्याबिगर पुसत न्हाईत. आमच्यात तरी न्हाई."

मिस्बाह खुर्चीत बसून राहिली. साडेतीनला पाळी सुटली.

पहिली दुचाकी मांडवासमोर नेहमीसारखी हळू झाली. मग थांबली. मागचीही थांबली. पुढच्यानं हेल्मेट काढलं आणि ओरडला, "ए आप्पा! चष्मा घरी इसरला का काय? मधली रेघ कुठं मारलीस?"

"मापानंच मारलीया," आप्पासो टपरीवरून म्हणाले.

"कसलं माप हे? ह्यात सात माणसं उभी तरी ऱ्हातील का?"

"ते त्या पोरीला इचार."

तिसरी दुचाकी थांबली. दहावी थांबली. जो तो गाडी स्टँडवर लावून मैदानाच्या कडेला येत होता, पावलांनी माप घेत होता आणि दुसऱ्याला सांगत होता की चुकलंय. दोन सेकंदांत कुणालाही दिसत होतं की चुकलंय. मिस्बाहच्या अकरा बरोबर आलेखांपुढं कुणी थांबलं नव्हतं, आणि ह्या एका चुकलेल्या मैदानापुढं निम्मी पाळी उभी होती. तिला हसावं की रागवावं कळेना. तोंडानं मात्र ती सांगत सुटली. "हा एक मीटर सात जणांचा. तो बारा मीटर एकाचा." एकदा, दोनदा, विसाव्यांदा.

"मग आमी कुठल्या बाजूला?" एकानं विचारलं.

"ज्या बाजूला बाक हाय त्या," येसूबाई म्हणाल्या, आणि हशा पिकला.

मिस्बाहनं गर्दीचे मनातल्या मनात चौकोन पाडले, एका चौकोनातली डोकी मोजली, गुणाकार केला. एकशे साठ, दहा इकडं-तिकडं. तिनं मांडवाच्या खुर्चीवर चढून फोटो काढला आणि दिग्विजय यांना पाठवला. उत्तर मिनिटाभरात आलं. त्यात पन्नास माणसांचं नाव नव्हतं. फक्त एवढंच होतं: 'मधली रेषा तिथं कुणी मारली?' आणि लगेच दुसरं: 'आलो.'

दिग्विजय सव्वाचारला आले. पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. पण गाडीतून उतरल्यावर ते मांडवाकडं न जाता आधी मैदानाकडं गेले आणि बोटानं फक्की चाचपली. गर्दीतला एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कॉलेजच्या टीमचा कॅप्टन हुता त्यो. उजवा कोपरा."

"साहेब, निवेदन," मिस्बाह पुढं झाली.

"घेतो, मॅडम. पण हे आधी सांगा, निदानरेषा कुठाय?"

"राजारामच्या बाकाखाली," दहा-बारा आवाज एकदम म्हणाले.

"आता आलाय तर एक डाव हूं द्या की दादा," येसूबाईंच्या खात्यातला प्रथमेश म्हणाला. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीच होती. "आमी सात. तुमी एकटे. तुमाला बारा मीटर."

दिग्विजय हसले, नको म्हणाले, घड्याळ बघितलं. मग बूट काढले.

येसूबाई पंच झाल्या. तरुणपणी त्या गावच्या मुलींच्या संघात खेळल्या होत्या, हे त्यांनी दहा दिवसांत पहिल्यांदाच सांगितलं. वाहतूक सांभाळायला आलेल्या हवालदारानं आपली शिट्टी पुसून दिली.

पहिली चढाई प्रथमेशची. एका दमात कबड्डी, कबड्डी म्हणत तो निघाला. समोर मैदान पसरलेलं, आणि दिग्विजय पार मागच्या रेषेला हात बांधून उभे. प्रथमेश निदानरेषा ओलांडून जवळ पोहोचेपर्यंत निम्मा दम संपला. तो डावीकडं झेपावला तर दिग्विजय दोन पावलं उजवीकडं सरकले. त्यांना सरकायला जागाच जागा. प्रथमेश मोकळ्या हातानं परत पळाला आणि रेषेवर येऊन वाकला. "हिथनं तिथं जायालाच येष्टी लागंल गड्या!"

मग चढाई दिग्विजय यांची. सातही जण त्या एका मीटरच्या पट्टीत खांद्याला खांदा लावून उभे, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहतात तसे. दिग्विजय यांनी रेषेपलीकडं एक पाय टाकला, हात लांबवला आणि कडेच्या एकाच्या मनगटाला बोट लावलं. बाकीचे सवयीनं मागं सरकले. शिट्टी वाजली.

"चार बाद," येसूबाई म्हणाल्या.

"चार कसे? मी एकालाच हात लावला."

"तिघं मागच्या रेघंच्या भाईर गेली. हात लावायची गरजच न्हाई पडली तुमास्नी."

गर्दीत आधी हसू उठलं, मग टोमणे. "दादा, दमला आसाल, खुर्ची आणू का?" "आवं दादा, झोपून खेळा, तरी जिंकताय!" "च्या घेत घेत चढाई करा!" उरलेल्या तिघांतल्या एकाची चढाई प्रथमेशसारखीच मोकळ्या हातानं परत आली, आणि दिग्विजय परत रेषेपाशी आले. समोर तेच तीन जण होते, आणि त्यांच्या टाचा मागच्या रेषेला टेकल्या होत्या. दिग्विजय यांनी पाय उचलला आणि तसाच परत ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी नाही खेळत," ते म्हणाले. "ह्याला काय खेळ म्हणतात? ह्यात जिंकून करायचं काय? मैदानच चुकलंय."

"पंचानं मैदान मान्य केलंय," येसूबाई शांतपणे म्हणाल्या. "खेळायचं तर खेळा."

"आवं मावशी, पण रेघ मधी नको का?" इतका वेळ शुद्ध बोलणारे दिग्विजय गावाकडच्या बोलीवर आले. "कुणीतरी ती रेघ सरकवा आधी!"

एकशे साठ माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आपण काय बोललो ते दिग्विजय यांना सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांनी मिस्बाहकडं बघितलं. मिस्बाहनं निवेदन आणि पेन पुढं केलं.

"आत्ता बोलला ते हितं लिवा," येसूबाई म्हणाल्या.

दिग्विजय यांनी कागद प्रथमेशच्या पाठीवर ठेवला. आधी लिहिलं, 'मिळाले.' मैदानाकडं एकदा बघितलं. मग लिहिलं, 'मैदान चुकीचे आखले आहे. दोन आकड्यांच्या बोर्डाबाबत संघटनेची बैठक सोमवारी सकाळी अकरा वाजता. कामगारांचे दोन प्रतिनिधी हजर राहतील.' आणि सही केली.

मिस्बाहनं ते दोनदा वाचलं. "मैदानाचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"तुम्हाला चाललं असतं, मॅडम. मला झोप लागली नसती." ते बूट घालायला लागले. "आणि दोन आकड्यांचं मी नुसतं बैठकीचं लिहिलंय. लावतोच असं नाही लिहिलं."

"वाचलंय मी," मिस्बाह म्हणाली.

"मावशी येतील का बैठकीला?"

"शिट्टी घिऊन येते," येसूबाई म्हणाल्या. हवालदारानं हळूच हात पुढं केला आणि आपली शिट्टी परत मागून घेतली.

पाचला पाच मिनिटं होती. इलियासभाईंचा टेम्पो हॉर्न देत गर्दीच्या मागं येऊन उभा राहिला होता. आष्ट्याचा निकाह थांबणार नव्हता. तेवढ्यात आप्पासो उठले. त्यांनी पायानं मधली रेषा पुसली, पोतं उलटं करून झटकलं, आणि मुठीतल्या फक्कीनं नवी रेषा मारली. मिस्बाहनं जाऊन माप घेतलं. जुन्या जागेपासून बारा मीटरच्या बाजूला एक वीत.

"एवढीच, आप्पा?"

"पोत्यात एवढीच फक्की हाय. बोर्ड लागू दे, मग दुसरं पोतं आणतो."

प्रथमेश पट्टीत जाऊन उभा राहिला. चवडे नव्या रेषेला लावले, आणि मघासारखंच सवयीनं एक पाऊल मागं टाकलं. मग मान वळवून स्वतःच्या टाचेकडं बघितलं. टाच आणि मागची रेषा यांच्यात बोटभर जागा होती.

"आत हाय रं!" तो ओरडला. "आजून आत हाय!"