बॅटरीची प्राणप्रतिष्ठा

खंडेनवमीच्या सकाळी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांना सुट्टी असते. लेथला हळदकुंकू, ड्रिलला झेंडूची माळ, कंप्रेसरपुढे नारळ; वर्षभर कर्कश ओरडणारे लोखंड त्या दिवशी नव्या नवरीसारखे खाली मान घालून बसते. त्या वर्षी मात्र गाळ्यागाळ्यांतल्या पूजा अर्ध्यावर टाकून सारी वसाहत बॅटरीगाड्यांच्या थांब्यावर लोटली होती, कारण तेथे एक मढे जिवंत होणार होते.

मढे म्हणजे एका मालवाहू बॅटरीगाडीच्या पोटातल्या चार जुन्या, शिशाच्या बॅटऱ्या. आणि त्यांना उठवणार होते श्री श्री विद्युतानंद महाराज. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि कपाळावर धोक्याच्या पाटीवर असते तशी लाल वीज; कवटी तेवढी स्वतःची.

महाराजांचा शिष्य विकी याने एक बल्ब बॅटऱ्यांना लावून दाखवला. पेटला नाही. गर्दीने हळहळून सुस्कारा सोडला.

"भक्तहो, बॅटरी मरत नसते!" महाराज गरजले. "बॅटरी फक्त देह सोडते! इलेक्ट्रॉन म्हणजे काय? आत्म्याचा अणू! आणि शिसं? शनीचा धातू! शनी बसला की गाडी बसली. मी शनीला उठवतो, गाडी आपोआप उठते. बोला, ॐ व्होल्टाय नमः!"

"ॐ व्होल्टाय नमः!"

"ॐ अँपियराय नमः!"

बॅटऱ्यांच्या झाकणांतून तीर्थ ओतले गेले, वर चिमूटभर भस्म पडले. मग दहा धडधाकट माणसे गाडीवर चढली, विकीने हँडलची मूठ पिळली, आणि ती गाडी मेट्रोच्या पुलाकडे जाणारा चढ असा चढून गेली की जणू चढ हा केवळ तिच्याविषयीचा एक गैरसमज होता. टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्यांनी चाकांना हात लावून ते कपाळी लावले.

गर्दीच्या शेवटच्या ओळीत जान्हवी उभी होती. सतरा नंबरच्या गाळ्यात ती गाड्यांमधले शिसे उपसून त्या जागी लिथियम बसवण्याचे काम करी. तिला गर्दीचा राग येत असे, आणि राग ओसरला की गर्दीची कणव येत असे. इतक्या चेहऱ्यांवर एकाच वेळी उजाडलेली ती पहाट खोटी आहे हे तिला कळत होते, पण खोट्या पहाटेतही माणसे किती सुंदर दिसतात, हेही तिला टाळता येत नव्हते.

"बघितलंस गो बाय?" शेजारून शेवंतीमावशी म्हणाली. "तुझ्या लिथियमाक आठ दिवस लागतत. हेंका आठ मिनटां पुरली."

शेवंती वसाहतीतले बचत गटाचे स्वयंपाकघर चालवी. अकरा बायका पहाटेपासून राबून एकशेऐंशी डबे भरत आणि शेवंती ते आपल्या बॅटरीगाडीतून चढापलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात एकच्या ठोक्याला पोहोचवी. गेल्या पंधरवड्यात ती गाडी दोनदा चढावर बसली होती. दोन्ही वेळा भाकऱ्या गार झाल्या होत्या आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाने शांत आवाजात सांगितले होते की तिसऱ्यांदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल. गटाची शिल्लक एकाच गोष्टीला पुरणार होती: एक तर जान्हवीचे लिथियम, नाही तर महाराजांची महाप्राणप्रतिष्ठा.

गेल्या आठवड्यात जान्हवीने मावशीला तासभर आलेख दाखवून समजावले होते. मावशीने शेवटी विचारले होते, "म्हणजे चढाक चालतली मा?" महाराजांना आलेख लागला नव्हता.

"मावशी, आज लगेच हो म्हणू नकोस."

"आज नाय तर कधी? दसरो झालो की कारखानो सुरू. तिसऱ्यांदा उशीर झालो तर अकरा चुली माझ्यामुळे विझतल्यो."

थांब्यावरच्या चालकांचा म्होरक्या राजाराम मध्येच घुसला. "अगं जान्हवी, तू काय खोडा घालतेस? माझी गाडी बघ ना! मेली होती. बाबांनी तिला तीन दिवस उपास सांगितला. चौथ्या दिवशी पळायला लागली, एकदम झकास!"

"गाडीचा उपास म्हणजे?"

"रस्त्यावर काढायची नाही. बाबांचं तीर्थ भरायचं आणि सलग चार्जिंगला लावून ठेवायची."

"आणि एरवी किती वेळ लावतोस?"

"दुपारी जेवताना, अर्धा तास. मग काय, धंदा सोडून तिच्या उशाशी बसू?"

"आणि ज्यांच्या गाड्या उपास करूनही उठत नाहीत त्यांचं काय?"

"त्यांच्या बॅटऱ्यांना मुक्ती मिळालेली असते. बाबा त्या स्वतः टेम्पोत घालून विसर्जनाला नेतात."

शिशाला भंगारात काय मोल येते, हे जान्हवीला ठाऊक होते. बॅटरी उठली तर महाराजांचा महिमा, न उठली तर महाराजांचे भंगार. इतका बिनतोट्याचा आध्यात्मिक उद्योग तिने वसाहतीतही पाहिला नव्हता.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. पूजेच्या चौरंगावरून उचललेला पाना तिच्या हातात होता. त्यावरचे कुंकू अजून ओले होते.

"महाराज, तो बल्ब तुम्ही मंत्राआधी लावलात. आता मंत्रानंतरही लावा ना."

महाराज मंद हसले. "बालिके, प्राण बल्बात जात नसतो. प्राण गतीत असतो."

"मग गतीतच बघू." तिने वाकून दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीला जोडणारी तार सोडवली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "साखळी तोडलीय. आता ह्या बॅटऱ्यांत एक प्राण असो की पाच, त्यातला थेंबसुद्धा मोटरपर्यंत जाणार नाही. चालवा गाडी."

विकीने महाराजांकडे पाहिले आणि महाराजांनी आभाळाकडे. मौनाचा मुहूर्त लागणार, तोच राजारामचा भक्तिभाव उफाळून आला. "सरक रे विकी! बाबांचा प्राण आहे, भितोस काय?" तो आसनावर बसला, मूठ पिळली, आणि गाडी सुसाट निघून चढाच्या टोकाला पोहोचली.

जान्हवीने गर्दीकडे वळून तोंड उघडले. आता सारे उघड होते: चालवणारी वीज त्या बॅटऱ्यांतून येतच नव्हती. पण तिच्या आधी गर्दीनेच निष्कर्ष काढला.

"बॅटरीविना चालली! अरे, बॅटरीविना! जय हो!"

"भक्तहो!" महाराजांना कंठ फुटला. "ही मुलगी परीक्षा घ्यायला आली आणि साक्षीदार होऊन गेली!"

हातातली तार जान्हवीला एकाएकी एखाद्या अनाथ अक्षरासारखी वाटली, ज्याला आता कुठल्याच शब्दात जागा नव्हती. पुरावा दिला की अंधार हटतो, असे ती विद्यार्थिदशेपासून मानत आली होती. येथे अंधाराने पुरावाच गळ्यात घालून मिरवणूक काढली होती.

गाडी परत आली. शेवंतीमावशी गाडीजवळ गेली आणि चालकाच्या आसनामागे बसवलेल्या लाकडी पेटीकडे पाहत राहिली. भगव्या वस्त्रात गुंडाळलेली, झेंडूंनी झाकलेली ती महाराजांच्या गुरूंच्या पादुकांची पेटी होती. 'स्पर्श करू नये' अशी पाटी तिच्यावर होती आणि कोणी केलाही नव्हता.

"बाबा," ती अगदी लीनपणे म्हणाली, "बॅटरी नसताना गाडी चालली, म्हणजे खरो प्राण ह्या पादुकांतच आसतलो."

"अगदी बरोबर ओळखलंत, माई!"

"मग खंडेनवमीच्या दिवशी पादुका कोरड्यो कशो ठेवायच्यो? अभिषेक नको?" आणि तिने मागे हाक मारली, "सपना, कळशी आण गो!"

गटातली सपना स्वयंपाकघरातून भरलेली कळशी घेऊन धावत आली. तिच्या मागोमाग आणखी चौघी, प्रत्येकीच्या कमरेवर पाणी. महाराजांच्या चेहऱ्यावरची वीज जरा लवलवली.

"माई, पादुकांना मानसपूजा चालते. भाव महत्त्वाचा."

"असा कसा बाबा? मनातल्या पाण्यान कोणाचे पाय धुतले जातत?" शेवंती गाडीवर चढली. "पाचच कळशा. बोला रे, गुरुमाउलीचा जयजयकार!"

गर्दीने जयजयकार केला. आता मागे फिरणे कोणाच्याच हातात नव्हते. भक्तीचा हा उतार महाराजांनीच बांधला होता. कळशी तिरकी झाली. पेटीत काय असावे याचा उलगडा जान्हवीला त्याच क्षणी झाला आणि ती घाबरून ओरडली, "मावशी, नको!" पण तिचा आवाज दुसऱ्या एका आवाजाखाली बुडाला.

"अगं ए बाई! शॉर्ट होईल!"

आवाज महाराजांचा होता.

जयजयकार थांबला. शेवंतीने कळशी सरळ केली. थेंबही सांडला नव्हता.

"पादुका," तिने हळूच विचारले, "शॉर्ट होतत?"

पेटी राजारामनेच उघडली. वरती दोन लाकडी पादुका होत्या, जत्रेत मिळतात तशा, पापडाइतक्या हलक्या. त्यांच्याखाली निळ्या आवरणातल्या विद्युतघटांची शिस्तीत रचलेली रांग होती, आणि पेटीच्या तळातल्या भोकातून निघालेल्या जाड लाल-काळ्या तारा थेट मोटरकडे गेल्या होत्या. झेंडूच्या माळेमागे चार्जिंगचे भोक होते.

"लिथियमची बॅटरी," जान्हवी म्हणाली. "मी बसवते तीच. शिशाच्या चार बॅटऱ्या इथे नुसत्या शोभेला आहेत. मंत्राआधीही त्या मेलेल्या होत्या, आत्ताही मेलेल्याच आहेत."

तिने सोडवलेली तार पुन्हा जोडली आणि विकीचा बल्ब त्यांना लावला. पेटला नाही.

"आणि माझी गाडी?" राजारामचा आवाज पडला होता. "ती तर खरंच पळाली ना!"

"तुझी गाडी उपाशीच होती रे. रोज अर्धा तास चार्ज करून तू ती पार सुकवलीस. शिशाच्या पट्ट्यांवर क्षाराचा थर चढतो, आतलं पाणी आटतं. तीन दिवस सलग चार्जिंग झालं तेव्हा थर थोडा सुटला. आणि तीर्थ म्हणजे दुकानात मिळतं ते बॅटरीचं शुद्ध पाणी. मंत्र काढून टाक, बाकीचं सगळं गाडीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलंय."

"विज्ञान हीसुद्धा मायाच आहे, भक्तहो," महाराजांनी सुरुवात केली, परंतु कोणीतरी जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव काढले आणि मायेचे पाय टेम्पोकडे वळले. टेम्पोची किल्ली राजारामच्या मुठीत होती. पोलीस येईपर्यंत महाराजांनी खरोखरीचे मौन पाळले.

"मावशी, तुला कसं कळलं?" जान्हवीने विचारले. "मी त्या पेटीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं."

"सकाळी ती पेटी टेम्पोतून उतरवताना दोन बाप्यांचे गुडघे वाकलेले. तीस वर्षां डबे उचलतंय, वजन माका कळता. लाकडाच्या पादुकांक एवढा वजन? तेव्हा मनात म्हटलं, गुरू जाडे आसतीत. पण तू तार तोडलंस आणि गाडी चालली, तेव्हा ती पेटीच आठवली." जान्हवीने तारा पाहिल्या होत्या, शेवंतीने गुडघे.

आठ दिवस डबे राजारामच्या गाडीतून गेले, आणि मग शेवंतीच्या गाडीत लिथियम बसले. एकशेवीस किलो शिसे निघाले, चाळीस किलोंची पेटी आली, चार्जरही बदलला. पहिल्याच दुपारी एकशेऐंशी डबे घेऊन गाडी निघाली आणि चढाच्या मध्यावर गपकन थांबली.

थांब्यावर कुजबुज उठली. बाबांचा शाप, दुसरे काय! जान्हवी धावत आली, फोनवर बॅटरीचे आकडे पाहिले आणि तिचा चेहरा लाजेने लाल झाला.

"शाप नाही, माझी चूक आहे. भरलेली गाडी चढावर जितकी वीज एकदम ओढते, तितकी ओढली की बॅटरी स्वतःला वाचवायला बंद पडते. मी चाचणी रिकाम्या गाडीवर घेतली." मोटरने एकदम किती वीज ओढावी, ही नियंत्रकातली मर्यादा तिने खाली आणली. दहा मिनिटांत जान्हवीलाही घेऊन गाडी हलली. जरा सावकाश, पण न थांबता चढ चढून पलीकडे गेली. कारखान्याच्या दारात जान्हवीने भीत भीत घड्याळ पाहिले. एकला अजून वीस मिनिटे होती.

"हे कसं?"

"अर्धो तास आधी निघालंय," शेवंती डबे उतरवत म्हणाली.

"म्हणजे तुझा माझ्यावरही विश्वास नव्हता?"

"तुझ्यावर आसा गो. पयल्या फेरीवर नाय."

वाचणाऱ्यांकडे मागणे एवढेच आहे. कोणी अद्भुत दाखवू लागला तर टाळी वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: आधी जे मोजले ते नंतरही मोजाल काय, आणि ज्याला हात लावू देत नाही ते उघडून दाखवाल काय? हे प्रश्न महाराजांना विचारावेत, डॉक्टरांना विचारावेत, जान्हवीलाही विचारावेत. खोटी वस्तू ह्या प्रश्नांनी चिडते. खरी वस्तू फार तर दहा मिनिटे चढावर थांबते, आपली चूक सांगते आणि पुढे निघते.