बुडबुडे मामांच्या दुरुस्त्या

सोमवारी सकाळी मी चित्रातल्या ऑक्टोपसच्या मिशा खोडल्या आणि समोर खुर्चीत बसलेल्या अण्णांच्या मिशा गेल्या. त्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि चहा मागितला.

चूक माझीच. प्राण्याचं चित्र काढताना मी घरातलं माणूस समोर बसवते, नाहीतर प्राण्याला स्वभावच येत नाही. मुलांच्या पुस्तकासाठी बुडबुडे मामा नावाचा गमत्या ऑक्टोपस हवा होता. घरात आम्ही दोघंच, म्हणून मी वडिलांना बसवलं. अण्णांनी पस्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं होतं. न हलता बसायची त्यांना हौसच होती.

प्रकाशनाच्या सबनीसबाईंना मामा आवडले, पण. त्यांचा ‘पण’ नेहमी दोन पानी असतो. मामांचे गुडघे दिसतात, ऑक्टोपसला हाडं नसतात, असं त्यांनी कळवलं. मंगळवारी मी हाडं खोडली. अण्णा खुर्चीवरून हळूहळू खाली ओघळले. मी त्यांना गोळा करून कपड्यांच्या टबात ठेवलं, पाण्यात मूठभर मीठ घातलं आणि टब टेबलाजवळ ओढून घेतला. गुडघेदुखी कायमची गेली म्हणून ते खूश होते. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

बुधवारी कपाळावरच्या आठ्या खोडल्या. आठ्यांत आईचं नाव होतं आणि शाळेचा रस्ता होता, तेही गेलं. गुरुवारी गव्हाळ रंग जाऊन जांभळा आला.

संध्याकाळी मी सबनीसबाईंना फोन केला आणि यापुढे एक रेघही खोडणार नाही म्हणून सांगितलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत.

“हरकत नाही हो. उद्या माणूस पाठवते, चित्र त्याच्याकडे द्या. आमच्याकडे विजेवरचं खोडरबर आहे, पाच मिनिटांत सगळं साफ.”

माझा हात निदान हलका तरी आहे. मीच करते म्हणाले, तरी चित्र न्यायला माणूस येणारच होता.

शुक्रवारी शेवटची दुरुस्ती आली. मामांच्या डोळ्यातल्या चमकेत टेबलाशी वाकलेली एक बाई दिसते, ती खोडा, मुलं विचारतील ही कोण. मी भिंग लावून पाहिलं. ती मी होते. अण्णा माझ्याकडे बघत बसले होते आणि मी दिसेल ते काढत गेले होते.

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ पाण्यात गोल फिरत राहिले.

“माझ्याकडे आता तेवढंच उरलंय, कुंदा,” ते म्हणाले. मग त्यांच्यातले मास्तर बोलले. “पण चमक कोरीच हवी. बाईंचं बरोबर आहे.”

खाली स्कूटर थांबली. माणूस जिना चढायला लागला. मला रडू येत होतं, पण रडले असते तर कागद भिजला असता. मी श्वास रोखला आणि खोडरबर दोनदा हलकेच फिरवलं.

अण्णांनी टबातून माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, “कुंदा, झालं का गं?”

मी इथेच आहे, असं मी म्हणाले. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने. मी ओ दिली. दारावर थाप पडली.

हिचं नेहमीचंच, अर्धवट टाकून उठते, असं पुटपुटत त्यांनी एक जांभळा हात लांबवला आणि चित्र स्वतःकडे ओढलं. माझे खोडलेले करडे कण अजून कागदावर पडून होते. हाताने झटकले तर कागद मळतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी फुंकर मारायला गाल फुगवले.

मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.