अर्विडने लावलेला ढीग

गावाची नवी वेबसाइट बांधायला घेण्याआधी सिग्ने लुंडक्विस्टने वाचनालयातल्या टेबलावर चाळीस चिठ्ठ्या मांडल्या. प्रत्येकीवर नगर कचेरीतलं एकेक काम लिहिलेलं. येईल त्याला ती सांगे, "जे एकत्र असावंसं वाटतं, ते एकत्र ठेवा." त्या ढिगांवरून तिला आराखडा काढायचा होता.

शेजारी उभं राहून बघणाऱ्या कचेरीतल्या व्हर्नाला हा पोरखेळ वाटत होता. तिचा आराखडा तयारच होता, चार खात्यांची चार पानं. पहिल्या सहा जणांनी ढीगही जवळपास तसेच लावले.

सातवा आला अर्विड कोस्की. तीस हिवाळे त्याने गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला होता, आता निवृत्त होता. त्याने मृत्यूचा दाखला, कुत्र्याचा परवाना, पाण्याची जोडणी आणि तळ्यावरच्या खोपीचा परवाना एकावर एक ठेवले.

"अरे, पत्ते पिसतोयस का?" व्हर्ना म्हणाली.

"बरोबर आहे ते."

सिग्नेने खुर्ची जवळ ओढली. "अर्विड, ही चार एकत्र कशी, सांगाल का?"

"फेब्रुवारीत टोइवो गेला. माझा भाऊ. त्याची मासेमारीची खोपी गोठलेल्या तळ्यावर उभी. बर्फ वितळायच्या आत हलवायची, तर परवाना त्याच्या नावावर. कुत्रा माझ्याकडे आला, तोही त्याच्याच नावावर. घरातलं पाणी बंद करायचं होतं. चार खिडक्या फिरलो. दर खिडकीवर नव्याने सांगायचं, तो गेला म्हणून." तो व्हर्नाकडे वळला. "खोपीच्या खिडकीवर तू होतीस, व्हर्ना. म्हणालीस, टोइवो स्वतः का नाही आला?"

"मला माहीत नव्हतं रे."

"कसं असणार? दाखल्याची खिडकी पलीकडची."

सिग्नेने कोऱ्या कागदावर एक चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'घरातलं माणूस गेल्यावर'.

व्हर्नाने तो कागद स्वतःकडे वळवला. "पण हे पान कुठल्या खात्याचं? उद्या काही बदललं तर दुरुस्त कोण करणार?"

प्रश्न रास्त होता; चार खात्यांपैकी ते पान एकट्या कुणाचंच नव्हतं. शेवटी व्हर्नानेच पेन्सिल घेऊन चौकोनाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

आठवी बाई आली ती तान्ह्या बाळाला घेऊन. सिग्नेने चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि विचारलं, "कचेरीत शेवटचं कशासाठी आला होतात?"

"बसा, ते लांबलचक आहे," ती म्हणाली. व्हर्नाही खुर्ची घेऊन टेबलाशी आली.