फुटाळ्याचा उतार

भैय्याजींनी दिल्लीच्या लिलावातून विलायती गाडी आणली तेव्हा साऱ्या आळीने पेढे खाल्ले. त्यांचा ड्रायव्हर रुपराव मात्र तिला पहिल्या दिवसापासून भ्यायला. उभा जन्म त्याने भैय्याजींची जुनी फियाट हाकलेली. ती म्हातारी खोकत, कण्हत चढ चढायची, पण पोटात काही ठेवायची नाही. नुसत्या खडखडाटावरून तिचं दुखणं कळायचं. ही महामाया पाय टेकवताच उडी घ्यायची, आणि आवाज म्हणाल तर मांजरीच्या चालीएवढा. झाडं मागे पळू लागली की मगच रुपरावला वेग समजायचा.

त्या संध्याकाळी तो भैय्याजींच्या आईला, सिंधूताईंना, सेमिनरी हिल्सवर फिरवून परत आणत होता. फुटाळा तलावाकडचा उतार लागला. जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते! फियाट असताना उतार आला की तो गिअर काढायचा आणि चावी फिरवून इंजिन बंद करायचा. तेवढंच पेट्रोल वाचायचं. आजही हात आपसूक गेला आणि चावी फिरली.

पुढे वळण आलं. पण इंजिन बंद तर हिचं सगळंच बंद. स्टिअरिंग हलेना, जागीच अडकलं. ब्रेक दाबला तर पायाखाली धोंडा. हँडब्रेक ओढायला हात डॅशखाली गेला. फियाटला तो तिथे होता, इथे काहीच नव्हतं. समोर तलावाची भिंत, पलीकडे काळं पाणी. रुपरावच्या तोंडचं पाणी पळालं. सिंधूताईंना आपण बुडवलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

चावी! त्याने ती उलटी फिरवली. इंजिन जागं झालं, स्टिअरिंग सुटलं, आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवून तो सीटवरून जवळजवळ उभाच राहिला. गाडी भिंतीला टेकता टेकता थांबली.

धक्क्याने सिंधूताईंचे डोळे उघडले.

"पोचलो का गा? काय मऊ चालते! मले तं झोपच लागली. उद्या साऱ्या पोरायले घेऊन येऊ इकडं."

रुपरावने ब्रेकवरचे पाय अजून काढले नव्हते. "माय, पोरायले आणाचं असंन तं फियाट काढतो ना. हिची मले लय भीती वाटून राहिली."

"फियाट? ते तं सकाळीच खापा गावचा माणूस इकत घेऊन गेला." त्या हसल्या. "काहून भेतं एवढा? चाल, घरी ने."

रुपरावने कान देऊन ऐकलं. गाडी चालू आहे की बंद, ते त्याला कळेना.