नवव्या दिवसाची धून

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे; पण माझी कीव करायला कोणी येऊ नये. माझी पाठ फाटून सांधलेली आहे, गळ्यावरचं पॉलिश हात लागून लागून गेलं आहे, तरी आवाज शाबूत आहे. तो बंद करायचा प्रयत्न दोनदा झाला. एकदा स्पेनमध्ये आणि एकदा इथे मुंबईजवळ उत्तनला. दोन्ही वेळा काय झालं ते सांगते.

माझा जन्म स्पेनमधल्या एका कारागिराच्या लहानशा दुकानात झाला. पोट पाइनच्या लाकडाचं, पाठ सायप्रसची. आन्सेल्मो नावाच्या तरुणाने मला घेतलं. त्याला संगीत रचायचं होतं. त्याचे गुरुजी म्हणाले, "पियानोसाठी लिही, नाव होईल. गिटार खानावळीतलं वाद्य आहे."

"मग खानावळीतल्या लोकांसाठी लिहितो," तो म्हणाला.

त्यानंतर आयुष्यभरात आन्सेल्मोंनी एकशे चौदा रचना केल्या, सगळ्या गिटारसाठी. पोट भरायला मात्र ते लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून देत. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

त्यांची रचायची पद्धत वेगळी होती. त्यांची बायको पिलार स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसायची. ते समोर बसून नवीन रचना वाजवायचे. वाजवताना पिलारचे हात थांबले, की ते तेवढा भाग खोडून टाकायचे. ती चिडायची. "अहो, मला आवडलं म्हणून थांबले." ते म्हणायचे, "थांबलीस म्हणजे मी दिखावा केला. काम करत ऐकता आलं पाहिजे."

मोठ्या शहरांतून त्यांना बोलावणी आली. टाळ्या मिळाल्या, वर्तमानपत्रांत नाव आलं. मग लोक विसरले. मग पिलार वारली.

त्या गावात तेव्हा रीत होती. घरात कोणी गेलं, की वर्षभर खिडक्या बंद आणि वाद्यांवर काळं कापड. माझ्यावरही घातलं. आठ दिवस आन्सेल्मोंनी ते तसंच राहू दिलं. नवव्या दिवशी त्यांनी कापड काढलं, खिडकी उघडली आणि मला मांडीवर घेतलं. बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. जमेल तेवढंच त्यांनी रचलं. त्यांची ही सगळ्यात सोपी धून. नाव दिलं 'नववा दिवस'.

शेजारी दारात आले. "तुम्हाला दुःख झालं नाही का?"

"झालंय," आन्सेल्मो म्हणाले. "ते तुम्हाला दिसायलाच हवं असं नाही."

त्यांनी खिडकी लावली नाही. पुढे वर्षभर काही घरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, पियानोची कामंही गेली. त्यांनी रोज दुपारी तीच धून वाजवली.

म्हातारपणी त्यांची देखभाल करायला एक मुलगी आली. उत्तनच्या कोळीवाड्यातली मॅबेल. इथल्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या ओळखीने ती एवढ्या लांब कामाला गेली होती. ती त्यांना आन्सेल्मोबाबा म्हणायची. सहा वर्षं तिने त्यांना औषधं दिली आणि त्यांनी तिला गिटार शिकवली. जाण्याआधी त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

मॅबेल मला घेऊन उत्तनला आली आणि फ्रेडी नावाच्या मासेमाऱ्याशी तिचं लग्न झालं. इथली खारी हवा मला मानवली नाही. दुसऱ्याच वर्षी माझी पाठ चिरली. फ्रेडीने मला होड्या बांधणाऱ्या बबनकडे नेलं. बबन म्हणाला, "होडी आसती तर पाणी थांबवला आसता. हिच्यात काय थांबवू?" पण सांधा असा केला की अजून हललेला नाही.

मॅबेलने सत्तावीस वर्षं मला वाजवलं. लोक तिच्याकडे लग्नातली गाणी मागायचे. ती म्हणायची, "ती बॅण्डवाल्याला सांग. मी आन्सेल्मोबाबाचंच वाजवते." मुलांना गिटार शिकवायला ती बसने शहरात, शांती नगरला जायची. मी मांडीवर असायचे. दुपारी ओट्यावर रियाज चालायचा. शेजारी फ्रेडी जाळं विणायचा आणि त्याची मोठी बहीण ट्रेसी बोंबील साफ करायची. तिला हे वाजवणं कधी आवडलं नाही. "झोप येते," म्हणायची. तरी रोज यायची.

गेल्या वर्षी मॅबेल गेली. किडनीचा आजार होता. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

दफन झालं त्याच संध्याकाळी ट्रेसीने माझ्या तारा सैल केल्या, मला काळ्या कापडात बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. "चर्चात वर्षाची मिसा होईपर्यंत या घरात काय वाजायचं न्हाय," ती म्हणाली. फ्रेडीने तिला अडवलं नाही.

मित्रांनो, माळ्यावर पत्रा तापतो. लाकूड सुकतं, डिंक सुटतो. वर्षभरात माझं पोट फाटलं असतं आणि होड्या बांधणाऱ्यालाही ते जमलं नसतं. मी तीन महिने तिथे होते.

मग एका दुपारी फ्रेडी जुनं जाळं काढायला माळ्यावर चढला. त्याचं कोपर मला लागलं आणि कापडाच्या आत एक तार घरघरली. त्याने जाळं तिथेच सोडलं. मग मला घेऊन खाली उतरला.

त्याला वाजवता येत नव्हतं. मॅबेलच्या फोनमध्ये सूर लावायचं अ‍ॅप होतं. त्यावर बघून त्याने एकेक तार चढवली. दोन तुटल्या, त्या नव्या आणल्या. मॅबेलने एका वहीत आन्सेल्मोंच्या धुना आकड्यांत लिहिल्या होत्या, कोणती तार आणि गळ्यावरची कोणती पट्टी. त्यातली सगळ्यात सोपी, 'नववा दिवस', त्याने उघडली. जाळी ओढून जाड झालेली त्याची बोटं एकदम दोन तारांवर पडत होती. आठवडाभर तो दार लावून बसला. मग म्हणाला, "दार कशाला लावायचा?" आणि ओट्यावर आला.

गल्लीतल्या बायका बघायला लागल्या. ट्रेसी तरातरा आली.

"लाज हाय का न्हाय, फ्रेडी? बायकोला जाऊन चार महिने न्हाय झाले."

"हाय."

"मग लोक काय बोलतील?"

"बोलू दे. मी त्यांच्यासाठी न्हाय वाजवत."

"ठेव ती खाली."

"न्हाय ठेवत, बाय. तुला त्रास होत आसेल तर घरी जा. उद्या पण वाजवणार."

तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ट्रेसी गेली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिसऱ्या ओळीवर तिचं तोंड वाकडं झालं.

"चुकला."

"वहीत असाच लिहिलाय."

"वही गेली खड्ड्यात. तिथं मॅबेल थांबायची."

"किती?"

"मला काय ठाव? थांबायची एवढा ठाव हाय."

"मग पुढं कवा जायचं तू सांग."

ट्रेसीने बायकांकडे पाहिलं. मग ओट्यावर टेकली, तोंड दुसरीकडे करून. फ्रेडीने ती ओळ वाजवली आणि हात उचलून वाट बघितली.

"आता," ट्रेसी म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुढं चल, थांबू नको."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी गेलं आणि त्याचं वाद्य मागे राहिलं, तर ते गुंडाळून माळ्यावर टाकू नका. उन्हापासून, ओलीपासून जपा. तार तुटली तर नवी लावा. वाजवता येत नसेल तर चुकत वाजवा, ज्याला आठवतं तो सांगेल. आणि कोणी म्हणालं की हे बरं दिसत नाही, तर त्याला ओट्यावर बसायला जागा द्या.