एक्केचाळीस मिलिमीटर

सगळे तिला भेगाबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कड्याच्या भेगा मोजायच्या, हेच तर तिचं काम! कड्याच्या पायथ्याशी धरणावरच्या कामगारांच्या खोल्या होत्या आणि त्यांना लागून तिच्या धाकट्या भावाचं कॅन्टीन. "वर आमची ताई आहे ना डोळ्यांत तेल घालून," असं तो चहा देता देता येईल त्याला सांगे. लोक बिनघोर झोपत.

सहा वर्षांपूर्वी तिने दोरावर लोंबकळत मुख्य भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला आणि मधे काट्याचं मापक बसवलं. एक्केचाळीस मिलिमीटर. तेव्हापासून उन्हाळा असो की हिवाळा, एक्केचाळीस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धरणाचे साहेब खूश, भाऊ खूश.

यंदा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. बाकी सगळंच बदललं होतं. इतकी वर्षं कड्याला टेकून त्याला आधार देणारी हिमनदी तीस मीटर खाली बसली होती. खडकात खोल पुरलेला तापमापक उणे दोन दाखवायचा, तो शून्यावर आला होता. भेगा सांधून धरणारा आतला बर्फ सुटत होता, आणि रोज दुपारी वितळलेलं पाणी आत साचून खडकाला बाहेर रेटत होतं. आणि काटा? ढिम्म! उन्हाथंडीने साधा दगडसुद्धा जरा फुगतो-आकसतो, मग हा मेला हलत कसा नाही?

ती दोर बांधून उतरली. मापकाच्या वर दोन हातांवर, जिथे तेव्हा कडक बर्फाचा लेप होता, तिथे आता काळी फट उघडी पडली होती. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. आत पाणी खळखळत होतं.

खरी भेग ही होती! तिने मोजली ती शेजारची किरकोळ चीर. दोन्ही खिळे एकाच सुट्या दगडावर होते. अख्खा दगड सरकत होता आणि मापकही त्याच्यावर बसून खुशाल सरकत होतं. कसली डोंबलाची भेगाबाई! दोरावर लोंबकळतच तिला रडू कोसळलं. रडून झालं, तिने नाक पुसलं आणि नवे खिळे ठोकले.

दोन दिवसांत खरी भेग सात मिलिमीटर रुंदावली.

"बाई, सहा वर्षांचे अहवाल तुमच्या सहीचे आहेत," साहेब म्हणाले.

"हो. आणि ते सगळे चुकलेत, हेही माझ्याच सहीने लिहून आणलंय."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. खोल्या आजच रिकाम्या करा. नाहीतर मी खाली जाऊन खाट टाकते, मग काय ते तुम्ही बघा."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

भाऊ भडकला. "चारचौघांत तोंडावर पाडलंस, ताई! तुझ्या जिवावर लोकांना शब्द देत होतो मी."

"माहितीय. ते पातेलं पलीकडून धर."

"आणि नाही पडला कडा तर?"

"तर जन्मभर हस मला. आत्ता उचल!"

पातेलं त्याने उचललं, पण बोलणं टाकलं. कामगारही कुजबुजत, बाईला आता जिकडेतिकडे भेगाच दिसतात म्हणून. तिने कान बंद केले आणि दिवसातून चारदा मोजत राहिली. मनात धास्ती होतीच.

नवव्या दिवशी भर दुपारी कडा खाली आला. धुळीने ऊन झाकलं. खोल्या गेल्या, कॅन्टीन गेलं. माणूस मात्र एकही गेला नाही.

आठवड्याने तिथे जायची परवानगी मिळाली, तेव्हा भावानेच तिला हाक मारली. कॅन्टीनच्या जागी खोलीएवढा दगड बसला होता, अगदी जिथे तो दिवसभर उभा राहून चहा करायचा तिथेच. दगडाच्या अंगावर मापक तसंच होतं, नुसती काच तडकलेली. त्याने बाहीने धूळ पुसली आणि वाकून काटा बघितला.

"ताई, अगं, हे अजून एक्केचाळीसच दाखवतंय."

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग स्वतःचे डोळे पुसले.

"पाना दे," ती म्हणाली. "उरलेल्या कड्यावर लागेल हे. आणि या खेपेला तू दोर धर."